माईंच्या जिभेवर अडलेलं वाक्य

माईंच्या घरात वाईट बोलायला बंदी होती. बांगडी फुटली तर ती वाढायची, दिवा विझला तर तो शांत व्हायचा, आणि चेष्टेतही कुणी 'मरो' म्हणालं की माई तीनदा 'शिव शिव' म्हणत. वास्तू तथास्तु म्हणते, हे त्या धारच्या माहेराहून शिकून आलेल्या. देवासला कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या नवऱ्यानं, अशोकरावांनी, कधी हुज्जत घातली नाही. कोण घालणार!

त्या सोवळ्या जिभेनंच पुढे घात केला.

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजातून परतणाऱ्या अवंतीला, त्यांच्या एकुलत्या लेकीला, जीपमध्ये घालून नेलं. फोन माईंनीच उचलला. पलीकडच्यानं पैसे मागितले आणि एक वाक्य ऐकवलं. पोलीस आले तेव्हा माईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते वाक्य त्या बोलून गेल्या आणि हवालदारानं लिहून घेतलं. चौथ्या दिवशी धामनोदजवळच्या एका बंद ढाब्यात अवंती धडधाकट सापडली. सतवासचा शालिग्राम पकडला गेला. त्यानं तिला ना मारलं, ना धमकावलं. जेवणसुद्धा वेळेवर दिलं म्हणे, मोठा उपकारच केला!

खटला उभा राहिला. साक्षीच्या दिवशी समोरच्या बाकावर अवंती बसलेली, नुकती घरी हसायला लागलेली. माईंनी सांगितलं, पैसे मागितले. आणखी काय म्हणाला, सरकारी वकिलानं विचारलं. "काही नाही," माई म्हणाल्या. शालिग्रामला तरीही जन्मठेप झाली आणि सगळे पेढे खाऊन मोकळे झाले.

आठ वर्षांनी त्याचं अपील हायकोर्टात सुनावणीला आलं. सरकारी वकील हंबीरराव स्वतः घरी आले.

"माई, देखो, खंडणी मागितली हे सिद्ध आहे. पण जिवाची धमकी पुराव्यात कुठंच नाही. धमकी नाही तर जन्मठेपेचं कलमच कोसळतं. उरतं साधं अपहरण, आणि तेवढी सजा तो भोगून चुकला. सुटणार."

"पोलिसांच्या कागदावर आहे ना सगळं?"

"तो कागद म्हणजे साक्ष नाही. तुम्ही कोर्टात बोलायला पाहिजे. मोठ्या कोर्टानं परवानगी दिली आहे, देवासलाच एकदा पुन्हा साक्ष होईल."

अवंतीला त्याच महिन्यात मास्तरीण म्हणून नेमणुकीचं पत्र आलं होतं. गाव सतवास, शालिग्रामचंच. ते पत्र ती रोज उघडायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची, आणि माईंना अन्न गोड लागत नव्हतं. आपल्या भित्रेपणाची किंमत पोरगी मोजते आहे, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

साक्षीच्या दिवशी माई हंबीररावांना म्हणाल्या, "अवंतीला बाहेर बसवा. तिच्यादेखत मला नाही जमायचं."

"मी नाही जाणार," अवंती म्हणाली. "माई, तू माझ्याकडे बघून बोल. अच्छे से बघ."

माई पिंजऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि एका दमात बोलून टाकलं, "तो म्हणाला, पैसा नहीं पहुँचाया तो लड़की को काट के नरबदा में बहा देंगे."

अवंतीनं मान हलवली. तिला काहीही झालं नाही.

शालिग्रामचा वकील उसळून उठला. "आठ वर्षं गप्प होतात! आज कुणी पढवलं?"

"कुणी नाही," माई म्हणाल्या. "तेव्हा वाटायचं, मी बोलले की खरं होईल. आई आहे मी, वकील भिया. आज बोलले. ती बघा, बसली आहे माझी पोर. लिहून घ्या."

न्यायाधीशांनी लिहून घ्यायला सांगितलं.

चार महिन्यांनी हायकोर्टानं अपील फेटाळलं. बातमी कळवायला हंबीररावांनी फोन केला, तेव्हा अवंती घरी नव्हती. निकालाची वाट न बघता ती केव्हाच सतवासला रुजू झाली होती.