दोन फेरे पुढे, दोन फेरे मागे

मित्रांनो, मी एक जुने चाक आहे. चाक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर लगेच रबर, रस्ता आणि चिखल आला असेल. सगळ्यांचाच तसा गैरसमज होतो. मी प्रवासी विमानाचे चाक आहे खरे, पण पोटाखाली धावणारे नव्हे. वैमानिकांच्या कक्षात, कॅप्टनच्या उजव्या गुडघ्याला लागून उभे असलेले, ताटाएवढे काळे चाक म्हणजे मी. माझ्या कडेला एक मूठ आहे, ती दुमडून आत बसते. जमिनीला मी आयुष्यात कधी पाय लावला नाही, याचा मला अजूनही थोडा गर्व आहे.

माझे काम सांगतो. विमानाच्या शेपटीला दोन आडवे पंख असतात. मी फिरलो की एक लांबलचक पोलादी तार ओढली जाते, ते पंख जरासे कलतात आणि विमानाचे नाक सावकाश वर किंवा खाली येते. झटकन नाक हलवायचे असेल, तर कॅप्टनपुढे एक दांडा असतो. मान त्या दांड्याला, आणि बारीक जुळवाजुळव माझ्याकडे! पलीकडे सहवैमानिकाच्या बाजूला माझा जुळा भाऊ होता. आम्ही एकाच आसावर बसलेलो, एक फिरला की दुसरा फिरणारच. फक्त आमच्या मुठी मुद्दाम पुढेमागे बसवल्या होत्या. एकाची मूठ तळाशी अडचणीत गेली, तरी दुसऱ्याची हाताला सोयीची राही. ही युक्ती काढणाऱ्याची अक्कल मला फार उशिरा कळली.

कारखान्यात माझ्यावर पांढरा पट्टा रंगवणारा कारागीर मला आठवतो. त्याने तो तीनदा पुसला आणि चौथ्यांदा रंगवला. शेजारचा हसून म्हणाला, "एवढ्याशा पट्ट्याचं काय कौतुक?" तो म्हणाला, "चाक फिरतंय की थांबलंय, हे वैमानिकाला हा पट्टाच सांगणार आहे." आणि पुन्हा मान खाली घालून कामाला लागला.

नोकरीला लागलो आणि माझा भ्रमनिरास झाला. मला फिरवायला एक मोटर होती. वैमानिक बोटाने बटण दाबत आणि मी गरगर फिरे. मूठ उघडायचे कष्ट कुणी घेत नसे. कुणी माझ्यावर टोपी अडकवली, कुणी कॉफी सांडली. गुडघ्याला लागलो तर शिव्या मात्र माझ्या वाट्याला. वर्षानुवर्षे मी असा असून नसल्यासारखा होतो.

मग त्या कॅप्टनबाई आल्या. बुटक्या, अबोल, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी माझी मूठ उघडली आणि मला हाताने फिरवले. दोन फेरे पुढे, दोन फेरे मागे. मग तळहाताने मला पुसले. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. त्यांची आई शिवणकाम करायची. रोज सकाळी दोरा ओवण्याआधी ती मशीनचे चाक हाताने फिरवून बघायची. हाताला जे कळते ते डोळ्यांना कळत नाही, असे तिचे म्हणणे होते. ही गोष्ट सगळ्या विमानतळाला ठाऊक झाली आणि बाईंचे नाव पडले शिंपीणबाई.

त्यांचे सहवैमानिक भारी बोलके. लवकरच स्वतः कॅप्टन होणार होते, त्यामुळे मिशीला जरा जास्तच पीळ. ते विचारायचे, "काय मॅडम, आज कुठे उसवलंय?"

"तुमचं तोंड शिवायचंय," बाई म्हणायच्या, "पण तेवढा दोरा आणू कुठून?"

आकाश निवांत असले की बाई मोटर बंद करून मला हातानेच फिरवत. माझी एक खोड त्यांनी तेव्हाच ओळखली. मी फिरलो तरी विमान लगेच ऐकत नाही. फिरवायचे, तीन अंक मोजायचे, आणि मगच नाकाकडे बघायचे.

आता मिस्त्रींबद्दल सांगायला हवे. आमच्या विमानाची निगा ते राखत. हँगरच्या, म्हणजे विमाने दुरुस्तीला ठेवतात त्या शेडच्या, भिंतीवर एक मोठा फळा होता. त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगवलेली होती. काम संपले की पाना पान्याच्या जागी, हातोडी हातोडीच्या जागी. फळा भरला म्हणजे विमानात काही विसरले नाही, अशी सगळ्यांची खात्री. त्या दिवशी मिस्त्री शेपटीतल्या तारा तपासून बाहेर आले, तेव्हा बाईंनी विचारले, "काय मिस्त्री, सगळं जागेवर?"

"फळा भरलाय, बाई. एक पानाही बाहेर नाही."

ते खोटे बोलत नव्हते.

दुपारी एकशे त्रेचाळीस माणसे घेऊन आम्ही निघालो. दोन तास सगळे सुरळीत होते. उतरण्यासाठी विमान खाली येऊ लागले आणि बाईंनी नाक थोडे वर घ्यायला दांडा मागे ओढला. दांडा हलला नाही. त्यांनी दोन्ही हातांनी ओढला. सहवैमानिकांनीही पाय रोवून ओढला. दांडा ढिम्म! नाक खालीच राहिले आणि वेग वाढत चालला. नाक वर आले नाही तर विमान सरळ जमिनीकडे जाणार, हे कक्षातल्या आम्हा सगळ्यांना तेवढ्यात कळून चुकले.

"मोटर बंद करा," बाई म्हणाल्या. "ती एकदम ओढते. मला चिमूटभर हवंय." आणि त्यांनी माझी मूठ उघडली.

मित्रांनो, त्यांनी ती रोजच्यासारखीच धरली. पाव फेरा. एक, दोन, तीन. आणखी पाव फेरा. एक, दोन, तीन. नाक उचलले गेले, वेग उतरला. इतक्या वर्षांत मी इतका खूश कधी झालो नव्हतो, आणि इतका घाबरलोही नव्हतो.

"आता ऐका," बाई म्हणाल्या. "दांडा डावी-उजवीकडे अजून वळतो. उतरताना पंख सरळ ठेवायला माझा एक हात त्यावर लागेल, दुसरा इंजिनांच्या लिव्हरवर. चाक तुम्ही फिरवायचं."

सहवैमानिकांच्या मिशीचा पीळ केव्हाच उतरला होता. "मॅडम, खरं सांगतो. मी हे परीक्षेपुरतंच फिरवलंय."

"मग आता शिकू. वर आहोत, वेळ आहे."

तेवढ्यात मुख्य हवाईसेविका आत आल्या. "लोकांना काय सांगू?"

"खरं ते सांग. एक दांडा अडकलाय. पण त्याच कामाचं एक चाक चालू आहे आणि आम्ही ते रोज वापरतो."

"आम्ही" हा शब्द ऐकून सहवैमानिकांनी मान खाली घातली.

बाईंनी घाई केली नाही. खाली कोसळायची भीती नाही इतक्या उंचीवर त्यांनी उतरण्याची तालीम केली. पोटाखालची चाके बाहेर काढली की नाक किती झुकते, वेग कमी केला की किती, सगळे आजमावले. मग विमानतळाच्या मनोऱ्याला सर्वांत लांब धावपट्टी मोकळी ठेवायला सांगून त्या उतरायला निघाल्या.

पहिल्या खेपेला गडबड झाली. जमीन दिसताच सहवैमानिकांचा धीर सुटला. एकदा फिरवून, न मोजताच त्यांनी मला पुन्हा फिरवले. क्षणभर काही झाले नाही आणि मग नाक भलतेच वर उठले. बाईंनी इंजिनांचा जोर वाढवला आणि विमान न टेकवताच धावपट्टीवरून पुन्हा वर नेले.

"माझी घाई झाली," सहवैमानिक म्हणाले.

"झाली. आता मोठ्याने मोजा."

दुसऱ्या खेपेला त्यांचा आवाज साऱ्या कक्षात घुमत होता. एक, दोन, तीन. धावपट्टी समोर आली, रुंद झाली. शेवटच्या क्षणी नाक उचलायचे होते. सहवैमानिकांनी जोर लावला, पण माझ्या भावाची मूठ नेमकी तळाशी अडचणीत गेली. तिथे हाताला बळच मिळेना. बाईंनी लिव्हर पूर्ण मागे घेतले, हात माझ्यावर टाकला आणि ओढले. माझी मूठ हाताला सोयीची होती! आम्ही दोघे भाऊ एकदम फिरलो. नाक उठले. विमान दाणकन टेकले, एकदा उडाले, पुन्हा टेकले आणि धावत धावत थांबले.

मागून रडण्याचा, हसण्याचा आवाज आला. आत मात्र सहवैमानिक अजून मोजतच होते. बाईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "पुरे आता."

एकशे त्रेचाळीस माणसे आपल्या पायांनी जिना उतरली.

दुसऱ्या दिवशी शेपटी उघडली. आत, दांड्याच्या तारेच्या कप्पीखाली एक छोटा टॉर्च रुतून बसला होता. हँगरच्या फळ्यावर तर सगळी हत्यारे जागेवर होती. टॉर्चवर ना नाव, ना क्रमांक. तपास करणारे साहेब तो हातात घेऊन उभे होते. मिस्त्री गप्प बसले असते, तर कुणाला कधी कळलेही नसते.

मिस्त्री पुढे आले. "हा माझा," ते म्हणाले. "हँगरचा टॉर्च मिणमिणतो, म्हणून मी घरून आणला होता. याला फळ्यावर जागाच नव्हती. फळा भरलेला दिसला आणि मी निश्चिंत झालो."

त्यांना कित्येक महिने कामावरून दूर ठेवले. चौकशीत बाईंना विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "चूक त्यांची आहे, मी नाही म्हणणार नाही. पण ती त्यांनीच सांगितली म्हणून आपल्याला कळली. असा माणूस घालवू नका." बाईंनी मला फिरवले तेव्हा मला त्यांचे कौतुक वाटलेच होते. हे ऐकले तेव्हा त्याहून अधिक वाटले.

पुढे आमचे विमान म्हातारे झाले आणि मोडीत निघाले. मी आता प्रशिक्षणाच्या वर्गात एका टेबलावर आहे, आणि शेजारी तो टॉर्च. वर्ग घेतात मिस्त्री. दर नव्या तुकडीपुढे ते टॉर्च उचलतात आणि पहिले वाक्य म्हणतात, "हा माझा." त्यांच्यानंतर येतात ते पूर्वीचे सहवैमानिक, आता कॅप्टन. आले की काही बोलण्याआधी माझी मूठ उघडतात. दोन फेरे पुढे, दोन फेरे मागे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत एखादी वस्तू कोपऱ्यात धूळ खात असेल. रोज लागत नाही म्हणून तिच्याकडे कुणी बघत नसेल. तिला अधूनमधून हात लावत जा, म्हणजे गरजेच्या दिवशी ती तुम्हाला परकी वाटणार नाही. आणि चूक झालीच, तर चार माणसांत पुढे येऊन "हा माझा" म्हणा. ते फार जड असते. मिस्त्री इतक्या वर्षांनंतरही ते म्हणतात, तेव्हा तो एवढासा टॉर्च दोन्ही हातांनी धरतात. मी शेजारीच असतो, मला दिसते.