न वाचता केलेल्या सह्या

१९६० सालच्या श्रावणातली सकाळ. तुळजापुरात अंबादास गुरुजींच्या सोप्यात सिताबाई सुपात जोंधळे निवडत होती. तिची विमल आणि गुरुजींची चारुशीला शेजारी बसून सातवीचा धडा वाचत होत्या. नवरा गेल्यापासून सिताबाई लोकांच्या घरी राबून विमलच्या लग्नासाठी पैसा साठवत होती. गुरुजींच्याच शब्दावर तो तिने गावातल्या व्यापाऱ्यांच्या बँकेत ठेवला होता, कारण गुरुजी तिथे संचालक होते.

त्या सकाळी बँकेला कुलूप लागल्याची बातमी आली.

कुलूप एका दिवसात लागले नव्हते. घरी कार्य निघाले की संचालकांनी गड्याच्या नावावर कर्ज काढायचे, ही तिथली रीत होती. अध्यक्ष कल्याणप्पांच्या दोन लेकींचे हुंडे असेच बँकेतून गेले. गुरुजींपुढे कागद येत, आणि भिडेखातर ते न वाचता सही करत.

सिताबाई कुणाशी भांडली नाही. हुंडा देण्याजोगे आता तिच्याजवळ काही उरले नव्हते. हुंडा न मागणारे एकच स्थळ आले, ईट गावचा चाळिशीतला बिजवर. विमलची शाळा सुटली. लग्नाच्या दिवशी ताप आल्याचे सांगून गुरुजी घरीच पडून राहिले.

देशात इतरत्रही बँका बुडाल्या, तेव्हा सरकार जागे झाले. दोन-तीन वर्षांत नियम कडक झाले, ठेवींना विम्याचे संरक्षण आले. गावची बँक पुन्हा उघडता येईल का, हे पाहायला मुंबईहून तपासनीस आले. नेमके तेव्हाच चारुशीलेचे लग्न सोलापूरच्या एका वकिलाशी ठरत होते आणि हुंड्यावर बोलणे अडले होते. कल्याणप्पा घरी आले.

"तपासनिसाला एवढंच सांगा, कर्जं रीतसर होती. बँक उघडली की तुमच्या कार्याचं आम्ही बघतो."

गुरुजींना नाही म्हणवेना. पाणी घेऊन आलेली चारुशीला तिथेच थांबली.

"बाबा, विमल माझ्याच बाकावर बसायची," ती एवढेच म्हणाली.

गुरुजींनी कल्याणप्पांना परत पाठवले. दुसऱ्या दिवशी तपासनिसांसमोर त्यांनी सगळे सांगितले, स्वतःच्या सह्यांसकट. तुमच्यावरही खटला होईल, असे तपासनिसांनी बजावले. गुरुजी म्हणाले, व्हायलाच पाहिजे.

जुने मंडळ गेले. संचालकाच्या घरात कर्ज द्यायचे नाही, असे ठरवून बँक उघडली. गुरुजींना दंड झाला. चारुशीलेचे लग्न मोडले.

ठेवी हप्त्याहप्त्याने परत मिळणार, हे सांगायला गुरुजी सिताबाईच्या दारी गेले. माहेरपणाला आलेली विमल तान्ह्याला मांडीवर घेऊन बसली होती. गुरुजींना पाहून तिने पदर सावरला आणि ती आत गेली. सिताबाईने सगळे ऐकून घेतले.

"बरं झालं, गुरुजी. पैसा यील माघारी. पर माझी विमल आता साळंत बसंल का?"

गुरुजी उठले आणि घराकडे चालू लागले.

त्यानंतर हुंडा घेतलेल्या एकाही लग्नात त्यांनी अक्षता टाकल्या नाहीत. गाव त्यांना सुधारक म्हणू लागले. ते ऐकले की गुरुजी मान खाली घालत.