अठ्ठेचाळीस किलोतली पहिली

भूगावच्या गौतमी शेडगेनं त्या वर्षी स्पर्धेत कुणालाही एकही ठोसा मारला नाही, तरी अठ्ठेचाळीस किलो वजनगटात ती जिल्ह्यात पहिली आली.

पहिल्या स्पर्धेत समोरची मुलगी आलीच नाही. दुसरीत आली, पण तिची आधार कार्डावरची जन्मतारीख दाखल्याशी जुळेना, म्हणून तिला परत पाठवलं. दोन्ही वेळा गौतमी ग्लोव्हज घालून रिंगमध्ये उभी राहिली, पंचांनी तिचा हात वर केला आणि ती घामही न येता घरी आली. आता राहिली होती जिल्ह्याची निवड चाचणी. या गटात नावं दोनच. दुसरं नाव स्वरदाचं.

स्वरदा अंबाजोगाईची. हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीला होती आणि शेडग्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायची. दोघी एकाच क्लबात, एकाच स्कूटरवरून जात. स्वरदाचा डावा हात जास्त चपळ आहे, हे क्लबात सगळ्यांना ठाऊक होतं. गौतमीलाही होतं. म्हणूनच ही एक लढत तिला मनापासून हवी होती.

वजनाच्या आदल्या दिवशी दोघी उपाशी. गौतमीनं आईला, रजनीबाईंना, शपथ घातली होती, "मी कितीबी मागितलं तरी पानीसुद्दा द्यायचं न्हाई." रजनीबाईंनी शपथ पाळली. पण पोटची पोर सुकल्या तोंडानं घरात फिरताना बघून त्यांचा जीव राहीना. शेवटी संध्याकाळी आंबेमोहोराचा मऊ भात आणि वर तूप असं ताट घेऊन त्या वरच्या मजल्यावर गेल्या.

"काकू, उद्या वजन आहे माझं," स्वरदा म्हणाली.

"तुजी आय हितं असती तर तिनं तुला उपाशी झोपू दिलं असतं का? दोन घास खा. एवढ्याश्या भातानं कुटं वजन वाढतंय?"

गेल्या चार महिन्यांत स्वरदाला 'जेवलीस का' असं कुणी विचारलं नव्हतं. तिनं दोन घास खाल्ले, मग ताट निपटून खाल्लं आणि वर तांब्याभर ताक प्यायली.

सकाळी काटा अठ्ठेचाळीस किलो तीनशे ग्रॅमवर थांबला. स्वरदा बाद झाली आणि गौतमीचा हात तिसऱ्यांदा वर गेला.

संघटनेनं यादी लावली. पहिली गौतमी, तिची राज्य स्पर्धेसाठी निवड. दुसरी स्वरदा; वजनात बाद, पण गटात तिसरं नावच नव्हतं, म्हणून राखीव. गौतमीच्या वडिलांनी, दयानंदरावांनी, चौकात फ्लेक्स लावला. त्यावर लेकीपेक्षा त्यांचाच फोटो मोठा होता. भाताची गोष्ट गावात पसरली, तेव्हा लोकांनी रजनीबाईंना डोक्यावर घेतलं. "लई डोकं चालवलं वहिनी! भाडेकरणीला जेवू घालून पाडलं." रजनीबाई ज्याला त्याला सांगत सुटल्या, की मनात तसलं काही नव्हतं. त्या जेवढं सांगत, तेवढे लोक डोळे मिचकावत. एके दिवशी त्या स्वरदासमोर पदर तोंडाला लावून रडल्या. उलट स्वरदालाच त्यांची समजूत काढावी लागली.

गौतमी उठली आणि संघटनेचे सचिव विठ्ठलराव यांच्याकडे गेली.

"माझं नाव काढा. स्वरदाला पाठवा."

"का? तू हरलीस का?"

"खेळलेच न्हाई, तर हरीन कशी?"

"मग बिनहरलेल्या खेळाडूचं नाव मी कुठल्या नियमानं काढू?" विठ्ठलरावांनी फॉर्म पुढं सरकवला. "हे बघ, कारणाचा रकाना हाय. त्यात फक्त वैद्यकीय कारण चालतं. वाईट वाटतंय, हे काय कारण न्हाई."

ती तिथून थेट वरच्या मजल्यावर गेली. "उद्या सकाळी सात वाजता, क्लबात. तीन राउंड. पंच म्हणून आपले क्लबातले सर."

"कशाला, गौतमी? यादी काही बदलणार नाही."

"न बदलू दे. मला कळायला पायजे."

गौतमी हरायला गेली नव्हती. जिंकून ताठ मानेनं राज्य स्पर्धेला जायचं, असं तिनं ठरवलं होतं. पहिल्या राउंडमध्ये ती पुढं होती. दुसऱ्यात स्वरदाचा डावा हात दिसेनासा झाला, फक्त लागत राहिला. वर्षभर हात वर करून घेतलेल्या मुलीला लागण्याची सवयच उरली नव्हती. तिसऱ्यात नाकावर असा बसला, की सरांनी लढत थांबवली. टॉवेल लाल झाला. स्वरदाच रडायला लागली. गौतमी टॉवेलाआडून म्हणाली, "रडतीस काय? जिंकलीस की!"

डॉक्टरांनी फोटो काढला. हाड मोडलं होतं. सहा आठवडे रिंगमध्ये पाय ठेवायचा नाही. गौतमी तो कागद घेऊन विठ्ठलरावांकडे गेली. त्यांनी तो दोनदा वाचला, तिच्या सुजलेल्या नाकाकडे बघितलं आणि समाधानानं शिक्का मारला. "आता कसं नियमात बसलं!"

राज्य स्पर्धेत स्वरदानं पहिली लढत पाच-शून्य जिंकली. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला.

"चार-एक झालं," ती म्हणाली.

"कुणाला चार?"

"तिला."

गौतमीला क्षणभर बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून लगेच लाज वाटली.

"डावखुरी हाय का ती?" गौतमीनं विचारलं.

"हो. का गं?"

"पुढल्या वर्षी मला लागंल ती."

"तुला आधी मी लागणार," स्वरदा म्हणाली, आणि समोरची मुलगी कशी खेळली ते पहिल्या राउंडपासून सांगायला लागली.