ठोकळ्याचं पोट

वहिनीने प्रिंटरमधून काढलेला ठोकळा दिसायला अगदीच साधा होता. वीतभर उंच, राखाडी, आरपार बारीक भोकांचा. पण तो हवेतला कार्बन डायऑक्साइड धरून ठेवायचा. पोट भरलं की त्याच्या अंगातच छापलेल्या काळ्या रेघांतून वीज सोडायची, की तापून सगळा वायू ओकून पुन्हा कामाला तयार. लगदा कालवून थरावर थर छापणं वहिनीचं, विजेचं सगळं नणंदेचं. त्यापायी नणंदबाईंनी बारा वर्षांची चांगली नोकरी सोडली होती, आणि आज ठोकळे विकत घेऊ पाहणाऱ्या कंपनीच्या तपासनीस बाईंनी मान डोलावली नाही तर दोघींना गाशा गुंडाळावा लागणार होता.

बाईंनी नळी जोडली. हवा आत गेली, बाहेर आली. मीटरवरचा आकडा ढिम्म हलेना. जितका वायू आत, तितकाच बाहेर.

"हा काहीच शोषत नाहीये," बाई म्हणाल्या आणि वही मिटायला लागल्या.

नणंदेने नळीचा जोड पुन्हा तपासला. मग तिला आठवलं. काल मावशी, मामा, भाचरं, झाडून सगळी मंडळी ठोकळा बघायला याच एवढ्याशा खोलीत जमली होती. खिडक्या बंद, गप्पांना नुसता ऊत. आणि ठोकळ्याचा हवाबंद डबा सकाळपर्यंत उघडाच. मिरवायच्या नादात झाकण काढलं होतं तिनेच.

वहिनी तर आपला लगदाच बिघडला असं समजून रडवेली झाली होती. गप्प बसावं, असं क्षणभर नणंदेच्या मनात आलंही. पण तिची तिलाच लाज वाटली.

"वहिनी, तुझं काही चुकलं नाही. मी काल झाकण लावायला विसरले. याचं पोट आधीच भरलंय."

"कशाने?"

"आपल्या सगळ्यांच्या श्वासांनी!"

वहिनीने कपाळावर हात मारला. "वन्सं, त्यातले निम्मे तर तुमचेच असणार."

बाईंना हसू आवरेना. "मग करा की रिकामं," त्या म्हणाल्या.

नणंदेने बटण दाबलं. आकडा सरसर चढला आणि दहा मिनिटांत खाली आला. ठोकळा गार झाल्यावर पुन्हा हवा सोडली. या खेपेला बाहेरचा आकडा घसरत घसरत पार तळाला गेला. बाईंनी घड्याळ पाहिलं. त्यांच्याकडच्या भट्टीला वायू असा तापवून बाहेर काढायला अर्धा दिवस लागायचा. त्यांनी वहीत चार ओळी लिहून खाली झोकात सही केली. वहिनीने नणंदेला घट्ट मिठी मारली.

"अजून एकदा चालवता?" बाई म्हणाल्या.

नणंदेचा चेहरा उतरला. "का? काही शंका आहे?"

"छे हो, सही केली ना! बघायला मजा येते."