अंबूबाईच्या घरामागची वाट

तालमीचे वस्ताद आण्णा यांनी संयोगिताला घातलेली अट सरळ होती. अकरा पोरं घेऊन भुदरगडावरून निघायचं, डोंगरानं तीन दिवस चालायचं आणि तिसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत रांगणा गडावर देवीच्या देवळात हजर व्हायचं. जमलं तर मे महिन्यातल्या हिमालयाच्या मोहिमेची प्रमुख ती. नाही जमलं तर सयाजी. सयाजी दरवर्षी ट्रेकच्या मागून टेम्पोत आचारी आणि एक जिवंत बकरं घेऊन यायचा आणि त्याला 'साहस' म्हणायचा.

वाटेत कुणाकडून खाण्याचं काही घ्यायचं नाही, ही दुसरी अट मात्र संयोगितानं आपल्याच डोक्यानं वर चढवली होती. ती भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झालेली. प्रत्येकाची सॅक तिनं ताणकाट्याला टांगून पाहिली, नऊ किलोच्या वर गेलेल्यांचे लाडू काढून घेतले. चढाला ताशी दीड किलोमीटर, सपाटीला साडेतीन, पन्नास मिनिटांच्या चालीला दहा मिनिटं विश्रांती. पोरांतला जिनेंद्र जैनांचा, सूर्य मावळल्यावर जेवत नाही, म्हणून सगळ्यांचंच जेवण साडेपाचला. वारा, ऊन, पाणी, पायाला येणारे फोड, सगळं तिनं धरलं होतं. धरायचे राहिले ते पावणे.

पहिल्या दिवशी अकरा वाजता एका वाडीच्या तोंडाशी झुंबरबाई उभ्याच होत्या. आण्णांच्या मेव्हण्याची चुलती.

"आण्णाचा फोन आलता. बसा."

"मावशी, आमचा नियम आहे. कुणाकडं काही खायचं नाही."

"नगा खाऊ. बसा तर."

बसले. बसल्यावर चहाचं निघालं, तो नाकारला. मग दुधाचं, तेही नाकारलं. मग झुंबरबाईंनी विचारलं, आमच्या हातचं चालत न्हाय व्हय? मग त्यांच्या सूनबाई आल्या, दीर आले, दिराचे शेजारी आले, आणि या पोरीचं आण्णांशी काही बिनसलंय का, यावर सगळ्यांनी मिळून चर्चा केली. संयोगितानं नियम सोडला नाही. निघताना तिनं घड्याळ पाहून वहीत लिहिलं: एक तास पन्नास मिनिटं.

दुसऱ्या दिवशी दुसरी वाडी. तिथं आण्णांचे जुने पैलवान मित्र गणपतराव. त्यांनी नकार ऐकून घेतला आणि उपोषणाला बसल्यासारखे दारातच बसले. दोन तास दहा मिनिटं.

"ताई," जिनेंद्र म्हणाला, "जेवलो असतो तर अर्ध्या तासात सुटलो असतो की."

"तो मुद्दा नाही."

"मुद्दा न्हाय, पण भूक हाय," मागून मोना म्हणाली. ती अकरा जणांत सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठ्यानं बोलणारी.

त्या संध्याकाळी संयोगितानं गणित मांडलं. उरलेलं अंतर आणि चढ धरून उद्या अकरा चाळीसला गडावर. हातात शिल्लक वीस मिनिटं. आणि गडाच्या पायथ्याच्या वाडीत आण्णांची थोरली बहीण, अंबूबाई. नकाराला लागणारा वेळ नात्याच्या जवळिकीनुसार वाढत होता. सख्ख्या बहिणीचा आकडा काढायला तिला कागद लागला नाही.

म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं वाडीची वाट सोडली आणि पोरांना अंबूबाईच्या घरामागच्या अंगानं वर घेतलं. तिथं वाट नव्हतीच. कारवीचं रान होतं, त्यावर सुटा घसारा. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली येत होतं. सॅक फांद्यांत अडकत होत्या, गुडघे सोलपटले, मोनाचा बूट उसवला. खालून कुणीतरी हाक मारल्यासारखं झालं तेव्हा बाराही जण झाडांमागं दडले आणि श्वास धरून बसले. तीन दिवसांतला तेवढाच भाग खऱ्या अर्थानं अवघड होता, आणि तो त्यांनी एका म्हातारीला चुकवण्यासाठी पार केला.

अकरा सत्तेचाळीसला ते देवळात होते. आण्णा पहाटेच बहिणीच्या घरून निघून वर येऊन बसले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं. मिशीतून हसले.

"शाब्बास! जेवून आलासा न्हवं?"

"नाही आण्णा. कुठंच जेवलो नाही."

"आक्काकडं बी न्हाय?"

"नाही."

आण्णांचं हसू मिशीतच विरलं.

"येळेत आलीस, कबूल हाय. पर माझ्या भनीच्या दारावरनं उपाशी गेलीस. आता हिमालयाचं म्या न्हाय सांगायचा. आक्का सांगंल. चला खाली."

जे चढायला तीन तास लागले होते, ते सरळ वाटेनं उतरायला सव्वा तास लागला. अंबूबाईच्या सोप्यात बारा ताटं मांडलेली. मटणाचा वास अंगणापर्यंत येत होता.

"जैनाच्या पोराचं येगळं हाय," त्यांनी आधी सांगून टाकलं. "कांदा-लसूण न्हाय, बटाटा न्हाय. आण्णानं फोनवर सांगितलंतं." मग संयोगिताकडं वळल्या. "काय गं पोरी, रस्ता चुकलीस व्हय?"

'हो' म्हटलं असतं तर सगळ्यांची अब्रू राहिली असती. पण वाट चुकणाऱ्या पोरीला हिमालयात पोरं घेऊन कोण पाठवणार? आणि चुकलो म्हणायला तिची जीभही वळेना.

"नाही, आत्या. मुद्दाम मागून गेलो. थांबलो असतो तर तीन तास गेले असते."

"तीन? चार गेलं असतं," अंबूबाई म्हणाल्या. "मला ठाव हाय. अख्खी वाडी बघत हुती. ह्या भगव्या टोप्या घातल्यात, त्या मैलावरनं दिसत्यात. म्या हाक मारली तर झाडामागं दडलासा! बारा जनं आन् एकच झाड!"

टोप्यांचा रंग लांबून दिसावा म्हणून संयोगितानंच निवडला होता. ती मान खाली घालून ताटावर बसली.

अंबूबाईंनी सगळ्यांना वाढलं. मग कमरेवर हात ठेवून आण्णांना म्हणाल्या, "पाठीव हिला हिमालयात. खोटं बोलत न्हाय, पोरं कुठं सांडली न्हायत. आन् तितं आपलं कोन पावणं न्हायत. ही कुणाच्या दारावरनं बी गेली तरी कुणाला राग यायचा न्हाय."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. संयोगिताच्या घशाखाली तीन दिवसांत पहिल्यांदा घास नीट उतरला.

आण्णा मात्र मिशीवरून हात फिरवत राहिले. "तसं कसं, आक्का? आपल्या बाळासोचा पोरगा न्हाय का मिल्ट्रीत? तितंच हाय की, मनालीच्या अलीकडं."

"व्हय की! मग त्याला सांग."

"आण्णा, नको!" संयोगिता म्हणाली, पण तोंडात घास होता, आणि आण्णा मोबाइलला रेंज शोधत अंगणापार गेले होते.

"हॅलो! मे महिन्यात येत्यात!" बाहेरून आवाज आला. "व्हय, चालतच! न्हाय म्हनंल ती, तू ऐकू नगंस!"