टाकीची भूक

तबेलेवाल्याचा एक पक्का समज होता. जगातलं निम्मं दुखणं रिकाम्या पोटातून येतं. घोडा मलूल दिसला की खुराक वाढव, माणूस रुसलं की वाढ गरमगरम. त्यापुढे त्याची अक्कल कधी गेलीच नाही.

तबेल्यामागची गोबरगॅसची टाकी मात्र बायकोची. घोड्यांखालचं लीद-मुतानं भिजलेलं गवत आणि कापलेला पेंढा कालवून ती टाकीत सोडायची आणि हात हुंगून टाकीची तब्येत सांगायची. "माझे नाही कधी एवढे लाड केलेस," तो चिडवायचा. तिला अर्धांगाचा झटका आला, वाचा गेली, उजवं अंग लुळं पडलं, तेव्हा उशाशी बसून त्यानं शब्द दिला, "तू उठेपर्यंत तुझी टाकी मी सांभाळीन."

पुढे शेगडीची ज्योत बारीक होऊ लागली. टाकी उपाशी आहे, असं ठरवून त्यानं लिदीच्या पाट्या वाढवल्या. ज्योत आणखी मंदावली, तशा त्यानं आणखी ओतल्या. मग घाईघाईनं हात विसळून तो तिला भरवायला बसायचा. ती त्याची बोटं ओढून नाकाशी न्यायची, मागच्या दाराकडे बघायची आणि डावा हात तोंडावर आडवा धरून जोरजोरात मान हलवायची.

"नखरे पुरे झाले हं. खाल्ल्याशिवाय ताकद कशी येणार?" असं म्हणत तो घास सारायचाच. तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं. तेही तोच पुसायचा.

ज्योत विझली तेव्हा टाकी बांधणाऱ्या मिस्त्रीला बोलावणं गेलं. झाकण उघडताच त्यानं नाक धरलं.

"पार आंबली की हो, काका! गॅस कमी आला की हिचं खाणं बंद करायचं असतं. तुम्ही कोंबत राहिलात. काकूंनी नुसत्या वासावर ओळखलं असतं."

तबेलेवाला वाकून टाकीत बघू लागला.

"आता?"

"आता काय, मेली ती. वेळेवर हात आवरला असता, तर वाचली असती."

तो तसाच आत गेला. "तू सांगत होतीस गं," एवढंच कसंबसं बोलला आणि लहान पोरासारखा रडला. तिनं त्याचा हात ओढून हुंगला, बराच वेळ. मग सोडून दिला. या वेळी तोंडावर हात धरला नाही. उशाशी ठेवलेल्या वाटीकडे बघून तिनं निमूटपणे तोंड उघडलं.