दोन पानं एकदम

बाइंडर देव मानत नव्हता, पण देवाचं पुस्तक बांधतानाही त्याची शिवण तितकीच घट्ट असे. "देवापेक्षा माणूस मोठा," हे त्याचं पालुपद. बायको मात्र पक्की श्रद्धाळू. चाळीस वर्षं दोघं त्यावरून भांडली आणि सुखाने राहिली. ती शेजारणींना सांगायची, "जो देवाला तोंडावर नाही म्हणतो, तो मला कशाला फसवील?"

मग तिची नजर गेली, पाठोपाठ तिने अंथरूण धरलं. तेव्हापासून तिचं प्रार्थनेचं पुस्तक तोच रोज सकाळी वाचून दाखवी, एक अक्षर न गाळता. त्यात एक पान होतं. न मानणाऱ्याला पलीकडचं दार बंद राहील. आपलं माणूस आतून हाका मारील, तरी उघडणार नाही. ते पान आलं की ती उशीत तोंड खुपसून रडायची. स्वतःसाठी नव्हे, त्याच्यासाठी.

"बाबा, गाळा की ते पान!" मुलगी एकदा चिडून म्हणाली. "कुणाचं काय बिघडणार आहे?"

म्हातारा विरघळला. दुसऱ्या दिवशी त्याने दोन पानं एकदम उलटली.

बायकोला अख्खं पुस्तक तोंडपाठ, हे शहाण्याच्या लक्षातच आलं नाही! तिचा चेहरा एकदम उजळला. "अहो, घाबरलात ना त्या दाराला? मानत नसता, तर गाळलं असतं कशाला? म्हणजे मानता तुम्ही! आपण भेटणार!" तिने त्याचा हात छातीशी घट्ट धरला.

नुसतं 'हं' म्हणायचं होतं. तेही नको, गप्प बसला असता तरी भागलं असतं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही.

"घाबरून नाही गं," तो म्हणाला. "तू रडतेस म्हणून गाळलं."

तिने हात सोडला. म्हणाली, "एवढं एक खोटं बोलला असतात तर?"

दोन दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिसऱ्या दिवशी दुपारी तशीच गेली. जन्मभर माणूस मोठा म्हणणाऱ्याला ऐन वेळी स्वतःचा खरेपणाच मोठा वाटला होता, आणि हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

मुलगी तिचे कपडे आवरत होती. बाइंडरने पुस्तक काढलं आणि रिकाम्या खाटेशी बसून तेच पान मोठ्याने वाचलं. ते दार खरंच असावं, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं. बंद का असेना, आतून तिची हाक तरी ऐकू येईल.